द्वारकेवरचं टोचन

एखाद्या गाडीचं नाव खरोखर किती मोठं आहे हे बघायचं असेल तर शोरूममध्ये जाऊ नये. तिथे सगळ्याच गाड्या चांगल्या असतात, एसी चालू असतो आणि चहा फुकट मिळतो. त्यापेक्षा नाशिकला यावं आणि सकाळी दहा-साडेदहाला द्वारका चौकात उभं राहावं. मुंबई-आग्रा रस्ता आणि नाशिक-पुणे रस्ता इथे भेटतात, आणि एकदा भेटले की दोघांचाही पाय निघत नाही. कसारा घाट चढून आलेली, मोहदरी घाट उतरून आलेली, चांदवड-मालेगावकडून आलेली, नाशिकरोडची शेअर रिक्षा, शाळेची व्हॅन, लग्नाचा मंडप वाहणारा टेम्पो, सगळे इथे एकदा थांबतात. थांबल्यावर जी पुन्हा चालू होते तिला नाशिककर चांगली गाडी म्हणतो. मायलेज, मजबुती, पाच तारे वगैरे नंतर.

डोक्यावर उड्डाणपूल आहे. ज्याला नाशकात काही काम नाही तो वरून जातो. पायाखाली भुयारी मार्ग आहे. तो पादचाऱ्यांसाठी बांधला, पण पादचाऱ्यांनी तो कधी मनावर घेतला नाही. राहिला मधला मजला. तिथे उरलेलं सगळं नाशिक असतं, आणि त्याच्या मधोमध, जराशी तिरकी, मागचा फाळका दोरीने बांधलेली एक पिकअप असते.

द्वारकेवर माणसांना नावं नसतात, गाड्यांना असतात. वाहतूक पोलीस हाका मारतात त्या अशा: “ए स्विफ्ट, मागं घे!” “ए छोटा हत्ती, तुला वेगळं सांगू का?” “ओ पिकअप, चला, चला, चला!” नीट कान देऊन ऐकलं तर या तिसऱ्या हाकेत थोडी अदब असते. हवालदारसाहेबांना अनुभवाने माहीत असतं की पुढच्या तासाभरात चौकात काहीतरी बंद पडणार आहे, आणि ते बाजूला करायला क्रेन बोलावली तर ती क्रेन स्वतः याच जाममध्ये अडकून बसणार आहे. पिकअप मात्र समोर उभी आहे. तिच्यात दोर आहे, तिच्यात डिझेल आहे, आणि तिच्या ड्रायव्हरला ‘टोचन लावा’, म्हणजे दोर बांधून ओढा, असं म्हटल्यावर जास्त प्रश्न पडत नाहीत.

पिकअप म्हणजे इथे बहुतेकदा बोलेरो पिकअप. टाटाची योधा दिसते, तिच्या आधीची २०७ अजून कुठे कुठे धुगधुगी धरून आहे, इसुझूची एखादी डौलदार गाडीही माल भरून जाताना दिसते आणि तिच्याकडे बघून उगाच वाईट वाटतं. पण ‘पिकअप सांगितलीय’ असं कोणी म्हणालं की डोळ्यांपुढे उभी राहते ती चौकोनी तोंडाची पांढरीच. यात जिल्ह्याचा थोडा अभिमानही मिसळलेला आहे. बोलेरो सातपूरच्या कारखान्यात बनते, महिंद्राचा इंजिनांचा कारखाना इगतपुरीला आहे. त्यामुळे बोलेरो हे नाव लागलेल्या कुठल्याही गाडीकडे नाशिककर माहेरवाशिणीकडे बघावं तसा बघतो. तिला बाहेरच्याने नावं ठेवलेली चालत नाहीत. ती स्वतः कशी आहे हे घरच्यांना माहीत असतंच.

त्याआधी या रस्त्यावर महिंद्राच्याच जीप आणि कमांडर होत्या. त्यांतल्या पुष्कळ गाड्यांत फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्यावर बनलेलं डिझेल इंजिन असायचं. ते आखणाऱ्या फ्रेंच इंजिनिअरने चार माणसं आणि फार तर एक कुत्रं असा हिशेब केला असणार. काळ्या-पिवळ्या कमांडरने सिन्नरपर्यंत अठरा माणसं, दोन कोंबड्या आणि दारात अर्धा लोंबकळणारा ड्रायव्हर एवढं नेलं. इंजिनाने तक्रार केली नाही, आणि केली असेल तर आतल्या गोंगाटात ती कुणाला ऐकू गेली नाही.

पिकअपच्या कागदावर किती माल भरायचा ते लिहिलेलं असतं. १.३ टन, १.५ टन, १.७ टन, जसं मॉडेल तसं. घेणारा ते वाचतो, पण बोलणी सुरू करायला सांगितलेला भाव म्हणून वाचतो. आता १.७ टन म्हणजे टोमॅटोचे वीस किलोचे ८५ क्रेट. शेतकरी उभ्याउभ्या गणित मांडतो. ८५ हे कंपनीचं म्हणणं, कंपन्या घाबरट असतात, तेव्हा शंभर धरू. शंभर चढवले आणि पाटे सरळ दिसतायत, म्हणजे जागा आहे. सव्वाशे झाल्यावर गाडीचं नाक जरा आभाळाकडे जातं. तेव्हा ड्रायव्हर म्हणतो, “बास तात्या, आता हेडलाइट चांदण्यांवर पडायला लागली.” तात्या म्हणतात, “दिवसाच जायचंय ना?” आणि वर पाच ठेवतात.

खरं काय ते भुईकाट्यावर कळतं. लासलगावला किंवा पिंपळगाव बसवंतला कांद्याची गाडी काट्यावर चढते, पावती बाहेर येते आणि मालक आधी आकडा बघतो. मग मागच्या टायरकडे बघतो. मग कुणाचं लक्ष नाही असं बघून बॉनेटवर हलकेच दोन थापा देतो. बाजारभावाच्या बातमीत ‘ट्रॅक्टर व पिकअपमधून कांद्याची आवक’ असं रोज छापून येतं. एवढ्या नियमाने पेपरात नाव येणारी दुसरी गाडी जिल्ह्यात नाही. आमदारांचीसुद्धा नाही.

आता एवढं वाहून या गाडीचं नाव खराब व्हायला हवं होतं. होत नाही. त्याचं कारण इंजिनात कमी आणि मालकाच्या बोलण्यात जास्त सापडतं. टायर फुटला, तर टायर कंपनी चोर. पाटा तुटला, तर रस्ता खराब. क्लचप्लेट जळाली, तर ड्रायव्हर नवशिका. हेड गॅसकेट उडाली, तर रेडिएटरचं पाणी कुणी बघितलं नाही, बहुतेक धाकट्या भावाने. आणि सव्वाशे क्रेट घेऊन कसारा घाट एका दमात चढली, तर मात्र गाडीच तशी आहे! अशा हिशेबाने कोणाचंही नाव होईल.

टोचन लावून ओढत आणलेल्या पिकअपचा मालक ‘बंद पडली’ हा शब्द उच्चारत नाही. “डिझेल संपलं होतं,” म्हणतो. हे कारण सांगायला सोपं, पण निस्तरायला अवघड. जुन्या डिझेलगाडीची टाकी कोरडी पडली की लाइनीत हवा धरते. मग नुसतं डिझेल ओतून भागत नाही. बॉनेट उघडायचं, नट ढिला करायचा, हातपंप दाबत बसायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग धार. हे बघायला द्वारकेवर पाच-सात माणसं कुठूनही जमतात. त्यातले दोघे कधी गाडीत बसलेलेही नसतात, पण “अजून हाय, अजून हाय, सोडू नको” असं सांगण्यात तेच पुढे.

डिझेलमध्ये ओढायचा जोर कुठून येतो हे चौकात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त प्रत्येकाचं कारण वेगळं आहे. पुस्तकातलं असं: पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते. डिझेलमध्ये हवाच इतकी दाबतात की ती तापते आणि डिझेलचा फवारा आपणहून पेट घेतो. तेवढा दाब सोसायचा म्हणून इंजिन जाडजूड करावं लागतं, आणि त्याची खरी ताकद कमी फेऱ्यांतच मिळते. जागची गाडी हलवायला तीच कामाला येते. म्हणून पिकअप पहिल्या गिअरला क्लच सोडला की ॲक्सिलरेटरला पाय न लावताही सरकत राहते, आणि द्वारकेच्या जाममध्ये ड्रायव्हरला तंबाखू मळायला दोन्ही हात मोकळे मिळतात.

रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरने १८९७ मध्ये आउग्सबुर्ग गावी हे इंजिन नीट चालवून दाखवलं. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात असलं एक इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चाललं होतं. आज शेंगदाणा तेलाचा डबा कितीला पडतो ते बघता हा प्रयोग पुन्हा कोणी करेल असं वाटत नाही. उलट द्वारकेवरच्या एखाद्या हातगाडीवाल्याला भजी डिझेलमध्ये तळून बघावीत असं वाटायचं.

अमेरिकेत पिकअप हे निराळंच प्रकरण आहे. तिथे ती घरची गाडी असते, आणि तिच्या मागे ओढायला काहीतरी असावं लागतं: बोट, घोड्यांची गाडी, चाकांवरचं अख्खं घर. तिथल्या डिझेल पिकअपवाल्यांचे तीन पंथ आहेत. डॉजमध्ये १९८९ पासून बसणाऱ्या कमिन्सचे भक्त, फोर्डच्या पॉवरस्ट्रोकचे भक्त आणि २००१ मध्ये आलेल्या जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्सचे भक्त. एकमेकांत सोयरीक करत नसावेत. पॉवरस्ट्रोकचं ७.३ लिटरचं जुनं इंजिन लोक अजून जिवापाड जपतात. त्याच्यानंतर २००३ मध्ये ६ लिटरचं आलं आणि हेड गॅसकेट, ऑइल कूलर, ईजीआर कूलर अशा दुखण्यांनी असं बदनाम झालं, की दुरुस्तीच्या खर्चावरून फोर्ड आणि ते इंजिन बनवून देणारी नॅव्हिस्टार कोर्टात गेल्या. दोन्ही इंजिनं त्याच नॅव्हिस्टारची, नावही तेच, गाडीही तीच. आमच्याकडे हे शक्य झालं नसतं. आमच्याकडे ड्रायव्हर नवशिका निघाला असता.

टेक्सासला राहणाऱ्या आमच्या भाच्याने असाच एक डिझेलचा डोंगर घेतलाय. आठ-नऊ टन ओढतो म्हणे. आजवर त्याने इंडियन स्टोअरमधून कोथिंबीर आणि दहा किलो कणीक यापलीकडे काही ओढलेलं नाही. सुट्टीत आला होता तेव्हा त्याला द्वारका दाखवायला नेलं. कांद्याने भरलेल्या एका पिकअपकडे तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “मामा, हिची टोइंग कपॅसिटी किती?”

मी ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, “पुढच्याची गाडी केवढी बंद पडली त्यावर आहे.”

त्याची परीक्षा तिथेच झाली. त्या पिकअपच्या मागे एक लांबलचक एसयूव्ही होती, काळ्या काचांची. दहा मिनिटं ती हॉर्न वाजवत होती. “ए पिकअप, घे ना पुढं!” असं खिडकीतून एकदा ऐकूही आलं. मग हॉर्न एकदम थांबला. आधी सगळ्यांना बरं वाटलं. नंतर लक्षात आलं की गाडीच थांबलीय. पुढचा पडदा काळा, दिवे गेलेले, स्टार्टर नुसता टक् म्हणून गप्प. साहेब खाली उतरले. चालत पिकअपपर्यंत आले. तेवढ्या पंधरा पावलांत ‘ए पिकअप’चं ‘दादा’ झालं होतं.

“दादा, जरा टोचन लावता का? गॅरेजपर्यंत.”

“दोर आहे?”

“नाही हो.”

“हूक कुठंय?”

“हूक… मॅन्युअलमध्ये असेल.”

“मग काढा ना मॅन्युअल.”

“ते स्क्रीनवर असतं.”

सगळ्यांनी स्क्रीनकडे बघितलं. ड्रायव्हरने एक उसासा सोडला, मागे जाऊन डिकीतली गादी उचलली आणि स्टेपनीच्या कडेच्या खोबणीतून जॅक, पाना आणि अंगठ्याएवढ्या जाडीचं लोखंडी कडं काढलं. गाडी घेतल्यापासून साहेबांना ते कडं आपल्याकडे आहे हे माहीत नव्हतं. बंपरवरचं चौकोनी झाकण नखाने उचकटून त्याने कडं आट्यांत फिरवलं. आटे उलटे होते, तेही त्याला माहीत होतं. मग त्याने कांद्यावरच्या ताडपत्रीचा दोर सोडला, दुहेरी केला, कड्यातून ओवला आणि गाठ मारली. ती गाठ बघून भाचा म्हणाला, “हे शिकवतात कुठे?”

“साहेब, ऑटोमॅटिक आहे का?”

“हो.”

“मग लांब नाही जमणार, गिअरबॉक्स जाईल तुमचा. वडाळा नाक्याकडं मेस्त्री आहे, तिथवर नेतो. चावी ऑन ठेवा, नाहीतर स्टेअरिंग लॉक होईल. गिअर न्यूट्रल. ब्रेक कडक लागेल, घाबरायचं नाही, दोन्ही पायांनी दाबा. दोर ढिला पडू द्यायचा नाही. मी हात काढला की हळू. वहिनी, तुम्ही उतरून रिक्षाने या.”

एवढ्या सूचना त्या गाडीच्या डिलिव्हरीच्या दिवशी हार घालताना कोणी दिल्या नसाव्यात. इंजिन बंद असलं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम संपतो आणि पॉवर स्टेअरिंगची पॉवर जाते. मग दोन टनांची गाडी हाताने वळवायची आणि पायाने थांबवायची म्हणजे काय असतं ते कळतं. ओढणारा मजेत असतो. खरी परीक्षा ओढल्या जाणाऱ्याची. त्याला समोर फक्त एक फाळका दिसतो, त्यावर ‘सप्तशृंगी माता प्रसन्न’ आणि खाली ‘हॉर्न ओके प्लीज’. आणि हॉर्न तर त्याचा गेलेला असतो.

पिकअपने काळा धूर काढला, दोर ताणला, आणि दीड टन कांदा पुढे व दोन टन साहेब मागे अशी मिरवणूक निघाली. भाच्याने व्हिडिओ काढला. हवालदारसाहेबांनी दोन्ही बाजूंची वाहतूक अडवून वाट करून दिली. मंत्र्यांचा ताफा सोडला तर असा मान इथे फक्त टोचनाला मिळतो. नाक्यावर साहेबांनी पाकीट काढून विचारलं, “किती देऊ?” ड्रायव्हरने दोराकडे बघितलं. “दोर गेला. दोराचे द्या.”

टोचनाचेही कायदे आहेत. दोन गाड्यांमधला दोर ५ मीटरपेक्षा लांब नको. तो मागच्या-पुढच्यांना सहज दिसला पाहिजे. वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत. मागच्या गाडीत स्टेअरिंग धरून माणूस बसलेला हवा, आणि पाठीवर ‘ऑन टो’ अशी पाटी हवी. यांतला वेगाचा नियम द्वारकेवर शंभर टक्के पाळला जातो. तो मोडण्याची सोयच नाही. पाटीचं काम लाल फडकं करतं. फडकं नसेल तर वहिनींची ओढणी, आणि तीही नसेल तर मागे बाइकवर कुणीतरी हात हलवत, तोंडाने “साइड, साइड” करत येतो. तो कोण, कुठला, हे कोणालाच माहीत नसतं. गाडी गॅरेजला लागली की तो निघून जातो.

सरकारी आशीर्वादाने चालणारी ती दुसरी टोइंगची गाडीही गावात असते, दुचाक्या उचलणारी. दोन पोरं स्कूटरचं पुढचं-मागचं धरून आठ सेकंदांत ती वर चढवतात आणि मालक हातातली भाजीची पिशवी घेऊन मागे पळतो. टोइंगची योजना कधी सुरू असते, कधी बंद. ती गाडी मात्र कुठे बंद पडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. तिचं इंजिन कुठलं, हे एकदा कंपन्यांनी येऊन बघावं.

सगळं हसण्यावारी नेता येत नाही. याच पिकअप आणि टेम्पोंत माणसंही भरतात. लग्नाला, देवाला, जेजुरीला. द्वारकेच्या उड्डाणपुलावर जानेवारी २०२५ मध्ये लोखंडी सळयांच्या ट्रकवर टेम्पो आदळून तरुण पोरं गेली, ते नाशिक विसरलेलं नाही. क्रेटचं जे गणित मी वर सांगितलं ते माणसांना लावू नये.

अलीकडे डिझेलवाल्यांना नवीन दुखणं लागलंय. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारी एक गाळणी बसली, डीपीएफ. ती भरली की गाडी आतल्या आत काजळी जाळून टाकते, पण त्यासाठी गाडीला बराच वेळ सलग आणि बऱ्या वेगाने पळावं लागतं. द्वारकेवर सलग काय चालतं? फक्त हॉर्न. मग काजळी साठते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी पॉवर घेईनाशी होते. मेस्त्रीकडे जावं तर तो आधी सांगतो, “ओझरपर्यंत हायवेला दाबून जाऊन ये, मग बघू.” म्हणजे आजार जामचा आणि औषध विमानतळाचा रस्ता. जुन्या ड्रायव्हरला हे पटत नाही. त्याच्या काळात धूर निघाला की इंजिन श्वास घेतंय एवढंच कळायचं, आणि मागच्या स्कूटरवाल्यालाही तेच कळायचं, जरा जास्त.

वडाळा नाक्याकडच्या त्या मेस्त्रींच्या दुकानात एकाच वेळी दोन शतकं नांदतात. मुलगा लॅपटॉप गाडीला जोडून कोड वाचतो. वडील लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. लॅपटॉप अकरा दोष दाखवतो. वडील म्हणतात, “तिसरा नोझल.” बऱ्याचदा दोघांचं म्हणणं खरं असतं, फक्त वडिलांच्या म्हणण्याला खर्च कमी येतो.

त्यांना मी विचारलं, “मेस्त्री, ओढायला कोणती गाडी चांगली? खरं सांगा.”

“जिचा माल द्वारकेवर मिळतो ती.”

“आणि जी बंदच पडत नाही ती?”

“अशी आली होती एक. आता तिला चार महिने झाले मागं उभी आहे. तिचा एक सेन्सर यायचाय.”

मला वाटतं, गाडीच्या विश्वासाबद्दल याच्याइतकं स्वच्छ कोणी बोललेलं नाही. बोलेरो पिकअपचं ते २५२३ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन काही जगातलं आश्चर्य नव्हे. ते आवाज करतं, कंप पावतं, आणि गाडीत बसून बोलायचं तर ओरडावं लागतं. पण ते चांदवडच्या राहूड घाटात रात्री दोन वाजता रुसलं तरी तिथला एखादा पोरगा मोबाइलच्या उजेडात ते खोलू शकतो, आणि सकाळी दुकान उघडलं की त्याचा भाग मिळतो. तिच्यापेक्षा कमी वेळा बिघडणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत. बिघडल्यावर इतक्या कमी लाजेने घरी आणणारी दुसरी नाही.

भाग मिळतो, पण कुठला, हा वेगळा अभ्यास आहे. काउंटरवरचा माणूस विचारतो, “कंपनी देऊ का ओरिजनल?” नवख्याला वाटतं दोन्ही एकच. तसं नसतं. ओरिजनल हा सगळ्यांत महाग. कंपनी म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचा. त्याखाली लोकल, आणि त्याच्याही खाली दिल्ली. दिल्लीचा माल घेताना दुकानदार गॅरंटी देतो, “इथून गाडीपर्यंत.” गिऱ्हाईक विचार करून लोकल घेतं आणि बिल ओरिजनलचं मागतं, कारण गाडी भावाभावांत सामाईक असते.

पिकअपची खरी इभ्रत मात्र ती विकायला निघाली की दिसते. जुनी कार विकताना डॉक्टरांनी वापरलेली असते, जुनी पिकअप विकताना तिने कधी जड काही उचललेलंच नसतं. “फक्त दूध वाहिलं हो.” “गुलाबाची फुलं, दुसरं काही नाही.” “द्राक्षं, तीही एक्स्पोर्टची.” जिल्ह्यातल्या सगळ्या विक्रीच्या पिकअप जर फुलंच वाहत होत्या, तर लासलगावचा कांदा काय चालत गेला? घेणाराही कच्चा नसतो. तो बॉनेट उघडत नाही. आधी मागे जातो, वाकून पाट्यांची पानं मोजतो. एखादं जास्तीचं टाकलेलं दिसलं की फुलांचा विषय संपतो. मग मागच्या हौद्यात चढतो, कोपऱ्यात उकिडवा बसतो आणि पत्र्याचा वास घेतो. कांद्याचा वास पत्र्यातून पाच पावसाळे जात नाही. मालक तेवढ्यात म्हणतो, “तो शेजाऱ्याचा एकदा नेला होता.” मग दोघे चहा प्यायला जातात, भाव पंधरा-वीस हजारांनी खाली येतो आणि सौदा होतो, कारण कांद्याचा वास म्हणजे गाडी ओढणारी आहे याचाही दाखला असतोच.

२०२७ चा सिंहस्थ येतोय. द्वारकेचं काय करायचं याच्या बैठका झडतायत, आराखडे निघतायत, आणि तोवर खाली पिकअप आहेत. तोवर एक विनंती करायची आहे. गाडी बंद पडली की आपण तिच्या मागे चार दगड मांडतो आणि एक फांदी खोचतो, ते बरोबरच आहे. पण दोर ताणला, गाडी हलली, की सगळे तिच्याबरोबर टाळ्या वाजवत निघून जातात आणि दगड रस्त्यात तसेच राहतात. रात्री त्यांवर स्कूटर जाते आणि दुसऱ्या दिवशी तिलाही कोणीतरी ओढून आणतं. तेव्हा टोचन लावलं की एका माणसाला मागे थांबवा आणि ते दगड उचलून कडेला टाका. फांदी राहिली तरी चालेल, ती सकाळपर्यंत शेळ्या खाऊन टाकतात.